मावशीनं सांगितलं नाही

नव्या पोरानं मावशीच्या डोळ्यांत बघत सतरंजीवर शू केली. चुकून झाली असती तर तिला काहीच वाटलं नसतं. मुलांची चुकून होते तेव्हा ती आधी खेळता खेळता गप्प होतात, मग पाय जुळवतात, मग खाली बघतात, आणि खाली बघितल्यावर त्यांच्या तोंडावर जो भाव येतो तो मावशीला पाठ होता: हे पाणी आलं कुठून, असा. या पोराचं तसं नव्हतं. तो खिडकीखाली ठोकळे रचत बसला होता. उठला, थोडा पुढे आला, तिला नीट दिसेल अशा जागी उभा राहिला आणि नजर न हलवता त्यानं आपलं काम उरकलं. सकाळी आल्याआल्या तिनं त्याचा डायपर काढून त्याला साधी चड्डी घातली होती. तिची पद्धतच तशी. पायावरून ओघळ आला, मोज्यात जिरला, उरलेला सतरंजीच्या निळ्या पट्ट्यावर पसरला. मग तो परत जाऊन ओल्या चड्डीनंच ठोकळ्यांपाशी बसला, ऑफिसातल्या एखाद्या माणसानं हात धुऊन पुन्हा खुर्चीत येऊन बसावं तसा. मावशी मोठ्यानं हसली. "साहेबांनी सही केली वाटतं," ती म्हणाली, आणि बाकीची मुलं काही न कळता खिदळली. त्या दिवसापासून त्याचं नाव साहेब पडलं. पण सतरंजी बादलीत बुडवताना तिच्या लक्षात आलं की छातीत काहीतरी अगदी बारीक, माशाच्या काट्याएवढं, रुतून बसलं आहे.

या कामात मावशीचा हातखंडा होता. बिल्डिंगमध्ये, पलीकडच्या रस्त्यावर, बागेतल्या बाकांवर आया एकमेकींना सांगत की मूल तिच्या पाळणाघरात टाका, ऋतू बदलायच्या आत डायपर सुटतो. "मुलाचं भांड्यात पडलं की आईचा जीव भांड्यात पडतो" हा तिचा ठरलेला विनोद होता आणि नव्या आया त्याला दर वेळी हसत. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या बोळकांडीत प्लॅस्टिकची भांडी ओळीनं मांडलेली असत, लाल, पिवळं, हिरवं आणि एक बदकाच्या तोंडाचं. दूध-बिस्किटं झाली की मुलं आपापल्या भांड्यावर बसत आणि समोर बुटक्या स्टुलावर मावशी. ती गाणं म्हणे, गोष्ट सांगे, बेसिनचा नळ बारीक सोडून ठेवी. ज्याचं होई त्याच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. हात उगारायचा नाही, आवाज चढवायचा नाही, "शी, घाणेरडा" असं कुणाला म्हणायचं नाही, हे तिचे नियम होते आणि ते तिनं कधी मोडले नव्हते. पुढे जे झालं ते सांगताना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, की मावशीनं त्या मुलाला कधी बोटसुद्धा लावलं नाही.

साहेबाची आई एका मोठ्या कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसायची. दिवसभर परक्यांची बोलणी ऐकायची आणि "आपली गैरसोय झाल्याबद्दल क्षमा असावी" म्हणायचं, हे तिचं काम. ते तिच्या जिभेत इतकं मुरलं होतं की मावशीच्या दारात ती चप्पल काढतानाही क्षमा मागायची. उशीर झाला म्हणून, लवकर आली म्हणून, पोराच्या पिशवीत जास्तीची चड्डी ठेवायची राहिली म्हणून. मुलाचे वडील दुसऱ्या शहरात होते. त्याबद्दल ती बोलत नसे आणि मावशी खोदून विचारत नसे. "मावशी, शाळा सुरू व्हायच्या आत याचं सुटायला हवं हो. ते डायपरवालं मूल घेतच नाहीत," ती म्हणाली होती. "घरी मी भांड्यावर बसवलं की लाकडासारखा ताठ होतो. माझंच काहीतरी चुकत असेल." मावशीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. "तुझं काही चुकत नाही गं. सोड माझ्यावर." सोडायला आलेल्या आईच्या खांद्यावर हात ठेवला की ती बाई आतून कशी सैल पडते हे मावशीच्या तळव्याला दर वेळी कळायचं, आणि ते तिला आवडायचं.

पण साहेब काही सैल पडेना. गाणं झालं, नळ झाला, टाळ्या झाल्या. तो बदकावर बसायचा, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, आणि समोर तिच्याकडे बघत राहायचा. रडला असता तर तिनं कुशीत घेतलं असतं. रडणाऱ्या मुलाचं काय करायचं हे तिला येत होतं. हा रडायचा नाही. उठवल्यावर चड्डी चढवून घ्यायचा, खोलीच्या मधोमध जायचा आणि तिथं तिच्याकडे बघत करायचा. ते डोळे काळेभोर, पाणीदार, पापण्या दाट. त्यांत राग नव्हता, खोडी नव्हती. मावशीला वाटे की तो आपली परीक्षा घेतो आहे. काम करताना पाठीत ती नजर जाणवायची. दुपारी मुलं निजली की तीही आडवी व्हायची आणि डोळे मिटले की ते डोळे उघडायचे. एवढंसं पोर, अजून नाक स्वतःचं पुसता येत नाही, आणि हे आपल्याला ओळखून आहे, असं काहीतरी वेड्यासारखं तिच्या मनात यायचं. काय ओळखून आहे, ते मात्र तिनं स्वतःला कधी विचारलं नाही.

ती युक्ती तिला सुचली तीसुद्धा सहज. एका सकाळी त्यानं पुन्हा सतरंजी भिजवली तेव्हा ती उठली नाही, हसली नाही, फडकं आणलं नाही. शेजारच्या चिमणीला म्हणाली, "चिमणे, साहेब कुठे गेला गं? दिसत नाही तो." चिमणी म्हणजे तिच्याकडची सगळ्यांत मोठी मुलगी, जिभेची तिखट, मावशीचा शब्द झेलणारी. तिनं साहेबाकडे बघितलं, मावशीकडे बघितलं आणि तिचे डोळे चमकले. "इथे कोणच नाहीये," ती म्हणाली. "हो ना? सतरंजी आपोआपच भिजली वाटतं. बरं, जो भांड्यात करतो तोच आपल्याला दिसतो. बाकी अळीमिळी गुपचिळी." मुलांना खेळ लागलीच समजला. असले खेळ मुलांना समजावून सांगावे लागत नाहीत. बिस्किटं वाटली गेली, साहेबाच्या पुढून बशी सरकली. जुळे भाऊ गाडी ढकलत त्याच्या अंगावरून गेले, जणू तिथं नुसता वारा होता. त्यानं चिमणीच्या बाहीला हात लावला तर तिनं बाही झटकली आणि मावशीला म्हणाली, "मावशी, माशी बसली." मावशीला हसू आवरेना. साहेब थोडा वेळ खोलीच्या मधोमध उभा राहिला. मग त्यानं हळूहळू प्रत्येकाच्या समोर जाऊन, वाकून, तोंडाजवळ तोंड नेऊन बघितलं. कुणी बघेना. शेवटी तो कपाटाच्या आरशासमोर गेला आणि तिथं बराच वेळ उभा राहिला. आधी त्यानं आरशाला हात लावला, मग स्वतःच्या गालाला. मावशी वाटीत सफरचंदाच्या फोडी करत होती. सुरी थांबली. तिला वाटलं, आता बास. आता उठावं, त्याला उचलावं, म्हणावं, हा बघा आमचा साहेब. पण तेवढ्यात आरशातून ते डोळे तिच्याकडे वळले आणि तिनं नजर फिरवून फोडी करायला घेतल्या.

संध्याकाळी आई न्यायला आली तेव्हा तो तिच्या पायांना मिठी मारून एवढंच म्हणाला, "मी आहे." आईला काही कळलं नाही. "हो रे राजा, तू आहेस," ती म्हणाली आणि मावशीकडे बघून हसली. मावशीही हसली.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तो आपणहून आला. मावशी बेसिनपाशी कपबशा विसळत होती. त्यानं तिच्या साडीचा काठ धरला. "मावशी, मी शू करू?" त्याचं बोलणं कमी, पण जे बोलायचा ते स्वच्छ. मावशीनं हात पुसले, खाली बसली आणि त्या खेळानंतर पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांना डोळा दिला. आता त्या डोळ्यांत ते बघणं नव्हतं. तिथं फक्त विचारणा होती, वर उचललेली, ओंजळीसारखी. "कर," ती म्हणाली. तो बदकावर बसला, बसल्यावरही तिच्याकडे बघून थांबला, तिनं मान हलवली तेव्हाच त्यानं केली. टाळ्या झाल्या, चिमणी ओरडली, "दिसला, दिसला," आणि मावशीच्या पोटात कोमट काहीतरी पसरत गेलं, हिवाळ्यात पहिला तांब्या अंगावर घेतल्यासारखं. त्या संध्याकाळी आईनं तिचे दोन्ही हात धरले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुम्ही काय जादू केलीत?" "जादू कसली. मन जिंकावं लागतं," मावशी म्हणाली, आणि बोलता बोलता तिला ते खरंही वाटलं.

इथंच सगळं संपलं असतं तर बरं झालं असतं, आणि संपायलाच हवं होतं, कारण दुसरी मुलं महिन्याभरात विचारायचं सोडून देतात, खेळातून उठून सरळ भांड्याकडे पळतात. साहेब सोडेना. त्याला लागली की तो येई, काठ धरी आणि विचारी, "करू?" एकदा मावशीचे हात साबणात होते, म्हणून ती म्हणाली, "थांब." तो थांबला. हात धुऊन झाल्यावर तिनं मागे वळून बघितलं तर तो तसाच, पायाची बोटं आत वळवलेली, ओठ दातांत धरलेला, तिच्या तोंडाकडे टक लावून. तिनं नॅपकिनला हात पुसले. नॅपकिनची घडी केली. घडी दांडीवर टाकली. ती टाकल्यावर पुन्हा सारखी केली. मग म्हणाली, "कर." तो धावला. आपण घडी दोनदा का केली हा विचार तिच्या मनाच्या दारापर्यंत येऊन गेला. तिनं कडी काढली नाही. पुढच्या वेळी हात मोकळे होते तरी ती म्हणाली, "थांब हं." ताबा यायला पाहिजे, शाळेत काय बाई पळत येणार आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि ते काही खोटं नव्हतं. मग थांबवण्याचे प्रकार झाले. गाणं संपेपर्यंत थांब. घड्याळाचा काटा वर जाईपर्यंत थांब. चिमणीचं पाणी पिऊन होईपर्यंत, आणि चिमणी हे कळून घोट घोट पिई. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होत, कपाळावर बारीक घाम येई, पण तो एकदाही न सांगता गेला नाही, एकदाही सतरंजीवर झाली नाही. मावशीला आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा तिला कळवलं होतं. हे घर घेतलं तेव्हा नवऱ्यानं किल्ली आणून हातावर ठेवली होती. मूल होणार नाही हे डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितलं आणि नवऱ्यानं तिला, जिना चढता चढता, पुढे बघत. आणि आता एक जीव असा होता की जो तिच्या तोंडातून शब्द निघाल्याशिवाय आपल्या अंगातलं पाणीसुद्धा सोडत नव्हता.

अशात एका दुपारी तिची धाकटी बहीण आली. ग्रंथालयात नोकरी करणारी, शांत, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. ती कधीतरीच यायची आणि आली की मावशीकडे घोटभर पाणीसुद्धा घ्यायची नाही. "आत्ताच घेऊन निघाले," म्हणायची. चहा पुढे केला की तो कपातच गार व्हायचा. आणि कितीही वेळ बसली तरी कधी संडासाला उठायची नाही. मावशीच्या हे लक्षात येऊन वर्षं लोटली होती. सुरुवातीला वाटलं, असेल एकेकाची सवय. मग एकदा तिनं गंमत म्हणून बहिणीला सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबवून घेतलं होतं, जेव म्हणाली, फोटो दाखवले, जुन्या साड्या काढल्या. बहीण थांबली, हसली, आणि निघताना तिचा चेहरा पांढरा पडला होता. जिना ती पळत उतरली. दोघींनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

त्यांच्या लहानपणीच्या घरात संडास अंगणापलीकडे होता, वाटेवर दिवा नव्हता, आणि धाकटीला अंधाराची भीती वाटे. "हिला घेऊन जा गं," आई चुलीपासून ओरडे. थोरली पुस्तकात असे. "थांब, एवढं पान होऊ दे." पहिल्यांदा खरंच पान व्हायचं होतं. मग तिला शोध लागला की पान पाहिजे तेवढं लांबवता येतं. तीच ओळ पुन्हा वाचायची, आणि पुस्तकाच्या कडेवरून दिसणारे ते दोन पाय, एक दुसऱ्यावर घासणारा, मुठीत गोळा केलेला फ्रॉक. एकदा मामाची मुलं आली होती, पायऱ्यांवर बसली होती. "ताई, चल ना." "थांब." "ताई." "थांब म्हटलं ना." मग फरशीवर तो आवाज झाला, आणि मामाची मुलं आधी गप्प झाली आणि मग हसायला लागली, ती हसतच राहिली. आईनं धाकटीला बदडलं. एवढी घोडी झाली तरी अक्कल नाही म्हणाली. थोरलीनं कुणी न सांगता फडकं आणलं, फरशी पुसली, बहिणीला कोरडा फ्रॉक घातला. "बघ, बघ, थोरली किती शहाणी," आई सगळ्यांना सांगत होती. मावशीला त्या दिवसातलं हे वाक्य पक्कं आठवे. बाकीचं तिला कधी आठवे, कधी नाही.

बहीण सोफ्याच्या कडेवर पर्स मांडीत धरून बसली होती. मुलं चित्रं रंगवत होती. साहेब उठून आला, मावशीचा काठ धरला. "करू?"

"थांब हं साहेब. मावशी बोलतेय ना."

तो थांबला. मावशी पुन्हा बोलू लागली, कुणाच्या तरी बदलीचं. बहिणीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती त्याच्या पायांकडे बघत होती. एक पाय दुसऱ्यावर घासत होता.

"ताई, त्याला लागलीय."

"अगं माहितीय मला. ताबा शिकवायचा असतो. मी हेच काम करते ना इतकी वर्षं?"

बहीण उठली. तिनं पर्स खाली ठेवली, पोराचा हात धरला. "चल रे बाळा, मी नेते." तो गेला तिच्याबरोबर. बोळकांडीत तिनं त्याला बदकावर बसवलं आणि समोर जमिनीवर बसली. मावशीला खुर्चीतून बहिणीची पाठ दिसत होती आणि तिच्या खांद्यावरून ते डोळे. "कर ना राजा," बहीण म्हणत होती. "मी आहे ना."

"मावशीनं सांगितलं नाही," साहेब म्हणाला.

"मी सांगते. कर."

"मावशीनं सांगितलं नाही."

चिमणी खडू खाली ठेवून समजावणीच्या सुरात म्हणाली, "मावशी कर म्हणाली की करायचं. नाहीतर नाही करायचं. तुम्हाला माहीत नाही का?"

बहीण वळली नाही. खोलीत नुसता खडूंचा आवाज होता. मावशी त्या मानेकडे बघत होती, पिकायला लागलेल्या केसांखालची ती बारीक मान, जिचा घाट लहानपणापासून तसाच होता. ती किती वेळ बघत राहिली कुणास ठाऊक. मग आपल्याच घशातून आलेला आवाज तिला ऐकू आला. "कर." भांड्यात धार पडली आणि बहिणीच्या पाठीतून एक शहारा गेला, मानेपासून खाली, कुणी गार पाण्याचा हात फिरवल्यासारखा.

निघताना बहीण दारात घुटमळली. "त्याच्या आईला माहितीय का, ताई?"

"काय?"

बहिणीनं पर्सचा बंद खांद्यावर सारखा केला. खरंच, काय सांगणार होती ती? मावशी मारते, असं नाही. रागावते, असंही नाही. मावशी थांब म्हणते. एवढंच. "चहा तरी घेतला असतास," मावशी म्हणाली. बहीण जिना उतरली, त्या दिवशी सावकाश, कठड्याला धरून, आणि नंतर पुन्हा कधी आली नाही. मावशी दार लावून आत आली ती धुमसत. आली कोण मला शिकवणारी. दुसऱ्या दिवशी साहेबानं विचारलं तेव्हा तिनं त्याला कालच्या दुप्पट थांबवलं, आणि त्याच्या वरच्या ओठावर घाम आला तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे त्याचा चेहराच नव्हता.

शू तरी तो करत होता. शी मात्र त्यानं बंद केली. एका सकाळी तिनं त्यासाठी थांबवलं होतं, कळ निघून गेली होती, आणि बहुतेक तेव्हाच त्याला हेही आपल्या हातात आहे असं कळलं असावं, किंवा आपल्या हातात काहीच नाही असं. आई दारात क्षमा मागत उभी राहिली. "सॉरी हं मावशी, तुम्हाला त्रास देते. हा घरी अजिबात बसत नाही. पोट बघा ना कसं टणक लागतंय. परवापासून काही खात नाही. मी बस म्हटलं तर म्हणतो, मावशीला विचार." ती हसली, त्या हसण्यात थोडा मत्सर होता. "तुमचंच ऐकतो बाई. मी कोण, नुसती आई."

"सवय लागतेय," मावशी म्हणाली. "फळं दे. होईल."

त्या रात्रीच्या जेवणात नवऱ्यानं मध्येच घास खाली ठेवला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, बंद पडलेल्या लिफ्टातून माणसं बाहेर काढायचा, आणि घरी आल्यावर बोलायचं त्याच्या जिवावर यायचं. सुट्टीच्या दिवशी तो बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसे, पण पेपराआडून त्याला दिसत असणार. "लिफ्टात अडकलेली माणसं असतात ना," तो म्हणाला, "दार उघडलं तरी काही जणं बाहेर येत नाहीत. आतच चिकटून उभी राहतात."

"मग?"

"काही नाही. जाऊ दे त्या पोराला."

"मी कुठे धरून ठेवलंय त्याला?"

त्यानं तिच्याकडे बघितलं, नेहमीपेक्षा थोडं जास्त, आणि पुन्हा जेवायला लागला. त्याला वाटलं असेल, आपण सांगितलं. तो तेवढ्यावर सुटला.

मावशीनं मात्र त्या शब्दांवर विचार केला. खरोखर केला. दुसऱ्या दिवशी तिनं ठरवलं की साहेब आला की खाली बसायचं, त्याला जवळ घ्यायचं आणि सांगायचं की बाळा, आता विचारू नकोस, वाटेल तेव्हा जा. वाक्य तिनं मनात घोळवून तयार ठेवलं होतं. तो आला. चालताना वाकत होता, पोट पुढे काढून, म्हातारी माणसं चालतात तसा. चेहऱ्याचा रंग शाडूसारखा झाला होता. काठ धरला. "करू?" मावशी खाली बसली, तिनं त्याला जवळ घेतलं. त्याच्या पोटाचा टणकपणा तिच्या हाताला लागला आणि अंगातून बारीक कंप जाताना जाणवला, पकडलेल्या पाखरातून जातो तसा. विचारू नकोस, एवढेच शब्द. पण ते बोलल्यावर हा उद्या येणार नाही, काठ धरणार नाही, हे डोळे असे वर होणार नाहीत, सरळ आपल्यावरून भांड्याकडे जातील, आणि मग एक दिवस पिशवी घेऊन शाळेत, आणि रस्त्यात भेटला तर ओळखणारसुद्धा नाही; ही इतकी वर्षं सोडवलेली मुलं कुठं ओळखतात? सोडवायचं म्हणजे शेवटी स्वतःपासूनच. "कर," ती म्हणाली, फक्त तेवढंच. थोडी शू झाली. बाकी काही नाही. तिनं पाण्याचा ग्लास त्याच्या ओठांना लावला आणि आपण किती प्रेमानं वागलो म्हणून तिचे डोळे भरून आले.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती ओट्याशी उभी राहून वाटाणे सोलत होती तेव्हा फोन वाजला. साहेबाची आई. मागे कुठलं तरी दार सारखं उघडझाप होत होतं, कुणाचं तरी मूल खोकत होतं, आणि त्या सगळ्याच्या वर एक आवाज येत होता जो मावशीनं कधी ऐकला नव्हता, तरी तिनं ओळखला. तो रडत होता. हा रडतो, तिच्या मनात आलं, तिकडे रडतो.

"मावशी, सॉरी, सुट्टीच्या दिवशी फोन केला. आम्ही मुलांच्या डॉक्टरांकडे आलोय. काल रात्रीपासून कळवळतोय हो. डॉक्टरांनी औषध दिलंय सैल व्हायचं, म्हणाले आता व्हायलाच पाहिजे, पण तो दाबून धरतोय. इथं कोपऱ्यात भिंतीला धरून उभा आहे, पाय आवळून. कुणाला हात लावू देत नाही. डॉक्टर म्हणतात एवढं लहान मूल एवढं कसं दाबतं, घरात काही घडलंय का. मी काय सांगू? माझ्यावर संशय आल्यासारखं बघताहेत." तिचा आवाज फुटला. "तो एकच म्हणतोय, मावशीनं सांगितलं नाही. तुम्ही जरा सांगता का त्याला? फोनवर? मी त्याच्या कानाला लावते."

मावशीच्या मुठीत वाटाणे होते. खरखर झाली, मग रडणं एकदम जवळ आलं, थांबलं, आणि तिथं नुसता श्वास उरला. छोटा, तुटक, नाकात अडकणारा. मग, "मावशी?"

तिनं वाटाण्यांची मूठ आवळली.

"मावशी, करू?"

खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची गच्ची दिसत होती, तिथं कुणीतरी चादर झटकत होतं, झटकल्याचा आवाज चादर खाली आल्यावर पोचत होता. डॉक्टर तिथं असणार, पांढऱ्या कोटात, नर्स असणार, आई असणार, सगळे त्या फोनकडे बघत. इतकी शिकलेली माणसं आणि त्यांचं औषध, सगळं एका शब्दासाठी खोळंबलेलं. पोटात ते कोमट पसरू लागलं. तिला वाटलं आपल्याला शरम वाटायला हवी आहे, तिनं ती शोधूनही बघितली, अंधारात हातानं चाचपावं तशी, आणि सापडली नाही. श्वास वाट बघत होता. दूरवर आई म्हणाली, "आवाज येत नाही का? हॅलो?" मावशीनं मूठ उघडली. वाटाणे एकेक करून भांड्यात सोडले. शेवटचा सोडल्यावर ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "कर हं, माझ्या राजा."

किंकाळी आली ती फोनमधून आली असं वाटलंच नाही, ओट्यावरूनच आली. लांबलचक, फाटत जाणारी. पळापळ झाली, फोन कुठेतरी आपटला, नर्स म्हणत होती, "झालं, झालं, रक्त थोडंसंच आहे, घाबरू नका." मग बराच वेळ रडणं, मग उचक्या. मावशी फोन कानाला धरून ऐकत राहिली. आई परत आली तेव्हा तीही हुंदके देत होती. "झालं मावशी. तुमचे उपकार मी कसे फेडू? डॉक्टरसुद्धा म्हणाले, कोण आहेत या बाई, मुलाचा एवढा विश्वास. मी त्यांना सांगितलं, तुमच्याकडे आला म्हणून तरी." तिनं नाक ओढलं. "एक विचारू? रागावणार नाही ना? शाळा मी या वर्षी नकोच म्हणतेय. त्याला तुमच्याकडेच ठेवते, पूर्ण दिवस, संध्याकाळी उशिरापर्यंत. डॉक्टर म्हणाले ज्याच्याजवळ त्याला सुरक्षित वाटतं तिथं राहू दे. घ्याल का? नाही म्हणू नका, प्लीज. तुम्ही हो म्हणालात की मी लगेच ऑफिसात कळवते."

हो, हा शब्द मावशीच्या जिभेवर आलाच होता. तिनं तो तिथंच धरला.

"थांब जरा," ती म्हणाली. "बघून सांगते."

"हो हो, थांबते ना. सावकाश बघा," आई घाईघाईनं म्हणाली. "मी आहे फोनवर. थांबते मी."

मावशीनं फोन ओट्यावर ठेवला, बंद न करता. शेंगांची सालं गोळा केली, ओटा पुसला, फडकं धुऊन पिळलं, दांडीवर वाळत घातलं, आणि त्याची टोकं नीट जुळेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.